बॉयकॉट: एका कारभाऱ्याचं आडनाव

‘बॉयकॉट’ हे मुळात आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि थकवणाऱ्याला जमिनीवरून काढायचं, हे त्याचं काम. १८७९ साली पिकं बुडाली आणि त्याच वर्षी मायकेल डेव्हिट यांच्या पुढाकाराने कुळांची ‘लँड लीग’ उभी राहिली. पुढच्या वर्षी अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांच्या वर जाईना, आणि बेदखलीच्या नोटिसा निघाल्या.

लीगचे अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी १९ सप्टेंबर १८८० रोजी आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत सांगितलं होतं की, बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात, अगदी प्रार्थनेच्या जागीही एकटं पाडा. तीनच दिवसांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावरच लागू झाला. नोटिसा बजावायला आलेल्या माणसाला बायकांनी चिखल-शेण मारून पिटाळलं. मग बॉयकॉटचे गडी-नोकर काम सोडून गेले, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. लंडनच्या ‘टाइम्स’ला पाठवलेल्या पत्रात त्याने गाऱ्हाणं मांडलं: लोहाराला जिवे मारण्याची धमकी आली, धोबिणीला कपडे धुवायला मनाई झाली, टपालाची थैली आणणाऱ्या १२ वर्षांच्या पोराला मार बसला. म्हणजे हा लढा अगदी निव्वळ अहिंसक होता, असं म्हणता येत नाही.

उभं पीक काढायला बाहेरून ५० मजूर आणि त्यांच्या बंदोबस्ताला शेकडो सैनिक आले. अंदाजे ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड खर्च झाले. काढणी उरकताच बॉयकॉटला मेयो सोडावं लागलं.

या वागण्याला नाव दिलं फादर जॉन ओमॅली यांनी. ‘ऑस्ट्रसाइज’ (वाळीत टाकणं) हा इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना जड जाईल, त्यापेक्षा ‘बॉयकॉट करणं’ म्हणू या, असं त्यांनी सुचवल्याची आठवण अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी लिहून ठेवली आहे. थोड्याच काळात हा शब्द फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेला.

आपल्याकडे तो १९०५च्या वंगभंगाच्या चळवळीत गाजला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. टिळकांच्या चतुःसूत्रीत त्याला जुनाच मराठी शब्द मिळाला, ‘बहिष्कार’. पण हा शब्द इथे जातीतून वाळीत टाकण्यासाठी वापरात होता, आणि तिथे दिशा नेमकी उलटी असते: मेयोत कुळांनी सत्तेच्या माणसाला एकटं पाडलं, गावगाड्यात बलवानांनी दुबळ्यांना. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली सुरू केलेल्या पाक्षिकाचं नावच ‘बहिष्कृत भारत’ होतं.

वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. तो जुलै २०१७पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.