मल्टिपाथिंग आणि मार्गनिवडीची धोरणे

मल्टिपाथिंग : सर्व्हर आणि स्टोरेज अ‍ॅरे (अनेक डिस्क एकत्र ठेवणारी साठवण-यंत्रणा) यांच्यामध्ये एकाहून अधिक मार्ग ठेवणे, ते सगळे मार्ग एकाच डिस्ककडे जातात हे ओळखणे आणि प्रत्येक वाचन-लेखन कोणत्या मार्गाने पाठवायचे हे ठरवणे, या तिन्ही कामांना मिळून मल्टिपाथिंग म्हणतात. यातील शेवटच्या कामाच्या नियमांना मार्गनिवडीची धोरणे म्हणतात. येथील विवेचन मुख्यतः व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरच्या (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधारे केले आहे.

नेहमीची मांडणी अशी असते. सर्व्हरमध्ये त्याला स्टोरेजच्या जाळ्याशी जोडणारी दोन एचबीए कार्डे, एकमेकांशी न जोडलेले दोन फायबर चॅनेल स्विच (यांना फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी म्हणण्याची पद्धत आहे) आणि अ‍ॅरेमध्ये दोन कंट्रोलर. प्रत्येक कंट्रोलरचा एक पोर्ट ए वर आणि एक बी वर जोडला, की एका एचबीएला दोन्ही कंट्रोलर दिसतात आणि एका लनचे (सर्व्हरला वापरायला दिलेल्या डिस्कचे) चार पाथ, म्हणजे मार्ग, तयार होतात. मल्टिपाथिंग नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिमला त्या एकाच लनच्या चार वेगळ्या डिस्क दिसतील, आणि कोणी त्यांतील दोन वेगवेगळ्या समजून वापरल्या तर डेटाची माती होईल. म्हणून पहिले काम ओळख पटवण्याचे. अ‍ॅरे प्रत्येक लनसोबत जगात एकमेव असा क्रमांक सांगतो. चारही मार्गांनी तोच क्रमांक आला, की हायपरव्हायजर ते चार मार्ग एका नावाखाली बांधतो.

व्हर्च्युअलायझेशनमुळे या विषयाचे वजन वाढले. एका सर्व्हरवर एकच ऑपरेटिंग सिस्टिम असे तेव्हा पाथ गेला तर एक अ‍ॅप्लिकेशन अडखळे. मल्टिपाथिंगचे सॉफ्टवेअरही प्रत्येक सर्व्हरवर वेगळे बसवावे लागे. ईएमसीचे पॉवरपाथ किंवा व्हेरिटासचे डायनॅमिक मल्टिपाथिंग ही त्यांतली परिचित नावे. (व्हेरिटासचे मोठे विकासकेंद्र पुण्यात होते, त्यामुळे तिथल्या बऱ्याच अभियंत्यांना हा विषय घरचा आहे.) आता एका होस्टवर (हायपरव्हायजर चालवणाऱ्या सर्व्हरवर) तीस-चाळीस व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, असतात आणि त्यांपैकी एकीलाही पाथ नावाची गोष्ट ठाऊक नसते. व्हीएमला दिसते ती एक साधी आभासी डिस्क. पाथ तुटला तर निर्णय खाली होस्ट घेतो आणि व्हीएमला जाणवतो तो केवळ विलंब. हा विलंब ३० ते ६० सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच व्हीएमवेअर टूल्स हे साहाय्यक सॉफ्टवेअर बसवल्यावर विंडोज व्हीएममधील डिस्कची प्रतीक्षामर्यादा ६० सेकंदांवर आणि लिनक्समधील १८० सेकंदांवर नेली जाते. टूल्स न बसवलेली जुनी व्हीएम फेलओव्हरच्या, म्हणजे तुटलेला पाथ सोडून दुसरा धरण्याच्या, वेळी नेमकी का कोलमडते, याचे उत्तर अनेकदा इथेच सापडते.

अ‍ॅरेचा स्वभाव. कोणते धोरण निवडावे हे होस्ट पाहून ठरत नाही, अ‍ॅरे पाहून ठरते. बहुतेक गोंधळ हे विसरल्याने होतात. काही अ‍ॅरेंमध्ये दोन्ही कंट्रोलर एकाच लनचे काम सारख्याच वेगाने करतात. हे खरे अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह. काहींमध्ये लनचा मालक एका वेळी एकच कंट्रोलर असतो आणि दुसरा केवळ राखीव बसतो; हे अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह. या दोहोंच्या मधला मोठा वर्ग आलुआ या पद्धतीने चालतो. ही पद्धत स्कझी या डिस्कशी संवाद साधण्याच्या मानकाच्या एसपीसी-३ आवृत्तीत आली. आलुआ अ‍ॅरेमध्ये मालक कोणीही असो, दोन्ही कंट्रोलर विनंती स्वीकारतात. मात्र मालक नसलेल्या कंट्रोलरकडे आलेली विनंती आतल्या जोडणीवरून मालकाकडे सरकवावी लागते. काम होते, पण वळसा पडतो. अ‍ॅरे होस्टला स्वतःच सांगतो, की हे पाथ ‘ऑप्टिमाइझ्ड’ आणि हे ‘नॉन-ऑप्टिमाइझ्ड’. होस्टने ते ऐकायचे असते.

ईएसएक्सआयमधील रचना. २००९ साली आलेल्या व्हीस्फिअर ४ (ईएसएक्सआय ज्याचा भाग आहे ते उत्पादन) मध्ये व्हीएमवेअरने या कामासाठी सुटे भाग जोडता येतील अशी रचना आणली. तिच्यातील एनएमपी या मूळ प्लगइनच्या पोटात दोन भाग काम करतात. एसएटीपीला अ‍ॅरेची भाषा कळते : पाथ जिवंत आहे की मेला, मालकी कोणाकडे आहे, फेलओव्हरसाठी कोणती आज्ञा द्यायची. पीएसपी पुढची विनंती कोणत्या पाथवर टाकायची एवढेच ठरवतो. तो तीन प्रकारचा आहे.

‘मोस्ट रिसेंटली यूज्ड’ म्हणजे एमआरयू हा सवयीचा माणूस. जो पाथ चालू आहे तो चालू ठेवायचा, मेला तर दुसरा धरायचा, आणि पहिला पुन्हा जिवंत झाला तरी मागे फिरायचे नाही. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह अ‍ॅरेसाठी हेच शहाणपणाचे.

‘फिक्स्ड’मध्ये प्रशासक एक आवडता पाथ नेमतो. तो असेपर्यंत तोच; तो गेला तर दुसरा; तो परतला की पुन्हा तोच. हे अ‍ॅक्टिव्ह-अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅरेवर ठीक चालते. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह अ‍ॅरेवर लावले, आणि एका होस्टचा आवडता पाथ पहिल्या कंट्रोलरकडे तर दुसऱ्या होस्टचा दुसऱ्याकडे निघाला, तर दोघे मिळून त्या लनची ओढाताण सुरू करतात. मालकी क्षणात इकडे, क्षणात तिकडे. पाथ थ्रॅशिंग नावाच्या या प्रकारात एकही वायर तुटलेली नसते, सगळे दिवे हिरवे असतात आणि तरीही स्टोरेज जागच्या जागी धापा टाकत असते.

तिसरे धोरण ‘राउंड रॉबिन’, आजचे सर्वांत रूढ. सरसकट त्याला लोड बॅलन्सिंग म्हणतात, पण मूळ राउंड रॉबिन लोड पाहतच नाही. टोलनाक्यावरच्या माणसाने रांगांकडे न बघता पहिल्या हजार गाड्या एका खिडकीला, पुढच्या हजार दुसऱ्या खिडकीला लावाव्यात, तसे ते चालते. हा आकडाही खरोखर हजारच आहे : पूर्वनियोजित मांडणीत १,००० आज्ञांनंतर पाथ बदलतो, विनंत्यांऐवजी बाइट मोजायचे ठरवले तर १० एमबीनंतर. आलुआ अ‍ॅरेवर राउंड रॉबिन फक्त ऑप्टिमाइझ्ड पाथांमध्येच फिरते, म्हणजे चारपैकी दोनच पाथ कामाला लागलेले दिसतात. उरलेले दोन ‘बिघडलेत’ असे समजून रात्री तक्रार नोंदवणारे नवखे प्रशासक प्रत्येक डेटा सेंटरमध्ये एकदा तरी भेटतात.

हजाराचा आकडा १ वर आणावा, अशी शिफारस अनेक अ‍ॅरे उत्पादक करतात. वेग वाढतो हे त्याचे सांगितले जाणारे कारण. ते थोडेफार खरे आहे, कारण एका पाथची रांग तुंबलेली आणि शेजारचा रिकामा, ही स्थिती टळते. माझ्या मते अधिक मोलाचा फायदा दुसरा आहे : सगळे पाथ सतत वापरात राहिल्याने एखादा आजारी पडला तर लवकर उघड होतो आणि पोर्टांवरचा भार सारखा दिसतो. उत्पादकाने सांगितले नसेल तर मात्र हा आकडा अंदाजाने बदलू नये.

पाथांची खरी अवस्था पाहणारा प्रकार २०१८ साली, व्हीस्फिअर ६.७ च्या अपडेट १ मध्ये आला. त्यात होस्ट दर तीन मिनिटांनी प्रत्येक पाथवर १६ विनंत्या पाठवून प्रतिसादाचा वेळ मोजतो आणि त्यानुसार पाथ निवडतो.

धोरण लावण्याची जागाही महत्त्वाची. एकेका लनवर हाताने राउंड रॉबिन लावले तर पुढच्या महिन्यात जोडलेली नवी लन जुन्याच धोरणावर येते, आणि क्लस्टरमधल्या आठ होस्टांपैकी एखाद्यावर बदल करायचा राहूनच जातो. त्यापेक्षा अ‍ॅरेचा उत्पादक आणि मॉडेल ओळखणारा नियम प्रत्येक होस्टवर आधीच घालून ठेवणे बरे. विंडोजच्या फेलओव्हर क्लस्टरची सामाईक डिस्क ही एके काळी वेगळीच डोकेदुखी होती : अशा डिस्कवर राउंड रॉबिन वापरायला व्हीस्फिअर ५.५ पूर्वी मान्यताच नव्हती.

इतरत्र. केव्हीएम या लिनक्समधील हायपरव्हायजरवर चालणाऱ्या व्यवस्थांमध्ये हे काम लिनक्सचा डिव्हाइस-मॅपर मल्टिपाथ करतो. त्याच्या निवडपद्धतींत राउंड रॉबिनबरोबर रांगेची लांबी पाहणारी आणि अंदाजे सेवावेळ पाहणारी अशा पद्धती आहेत. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही होस्टवर विंडोजचे एमपीआयओ हे मल्टिपाथिंग असते. त्यात सर्वांत लहान रांगेचा पाथ निवडण्याचीही सोय आहे. एनव्हीएमईच्या, म्हणजे फ्लॅश स्टोरेजसाठीच्या नव्या प्रोटोकॉलच्या, जगात आलुआची जागा एएनए ही तशीच पद्धत घेते. लिनक्स कर्नलने ४.१५ पासून एनव्हीएमईसाठी स्वतंत्र मल्टिपाथिंग दिले, तर ईएसएक्सआयमध्ये ६.७ पासून एचपीपी हे वेगळे प्लगइन आले.

आयस्कझीत, म्हणजे साध्या नेटवर्कवरून स्कझी आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीत, एक गैरसमज चिवट आहे : दोन नेटवर्क कार्डांचे टीमिंग केले (ती बांधून एक केली) म्हणजे मल्टिपाथिंग झाले. तसे नसते. पोर्ट बाइंडिंग करताना (आयस्कझीला ठरावीक पोर्ट बांधून देताना) प्रत्येक व्हीएमकर्नल पोर्टला, म्हणजे होस्टच्या स्वतःच्या नेटवर्क पोर्टला, एकच सक्रिय कार्ड द्यावे लागते, तेव्हाच होस्टला दोन स्वतंत्र पाथ दिसतात.

पाथ मरतो तेव्हा. एक पाथ गेला तर प्रश्न नाही. सगळेच गेले तर ईएसएक्सआय दोन स्थितींत भेद करतो. अ‍ॅरेने स्वतः उत्तर दिले, की ही लन आता माझ्याकडे नाही, तर ती पीडीएल (परमनंट डिव्हाइस लॉस), म्हणजे कायमची गेली. वाट पाहण्यात अर्थ नाही. कोणाचेच उत्तर येत नसेल तर ती एपीडी (ऑल पाथ्स डाउन). या स्थितीत होस्ट १४० सेकंद वाट पाहतो आणि त्यानंतर व्हीएमखेरीजच्या विनंत्या लगेच नाकारू लागतो. व्हीएमच्या विनंत्या मात्र चालूच राहतात. ही कालमर्यादा व्हीस्फिअर ५.१ मध्ये आली. त्याआधी एका हरवलेल्या लनपायी होस्टचे व्यवस्थापनच गोठून बसे. अशा व्हीएम दुसऱ्या होस्टवर आपोआप उठवण्याची सोय व्हीस्फिअर ६.० मध्ये मिळाली.

मेलेल्या पाथपेक्षा अर्धमेला पाथ वाईट. स्विचमधले एखादे एसएफपी (केबल जोडण्याचा सुटा भाग) खराब होऊ लागते, सीआरसीच्या (डेटा अखंड पोहोचला का या तपासणीच्या) चुका वाढतात, काही फ्रेम गळतात, पण लिंक खाली जात नाही. होस्टच्या लेखी पाथ जिवंतच. मग राउंड रॉबिन इमानेइतबारे आपला वाटा त्यावर टाकत राहते, आणि चारपैकी एका पाथवरची विनंती रखडली की डेटाबेसचा अख्खा व्यवहार रखडतो. अशा वेळी होस्टचा पडदा पाहून उपयोग नाही. स्विचच्या पोर्टवरील चुकांची मोजणी पाहावी लागते, आणि दोषी पाथ हाताने बंद करणे हाच झटपट उपाय ठरतो.

किती पाथ? जास्त म्हणजे सुरक्षित, असे वाटते. पण प्रत्येक पाथ होस्टच्या मर्यादेतून वजा होतो. ईएसएक्सआय ६.० मध्ये होस्टमागे २५६ लन आणि १,०२४ पाथ चालत, ६.७ मध्ये हे आकडे १,०२४ आणि ४,०९६ झाले. म्हणजे लनमागे चारहून अधिक पाथ नसतील तरच लनची पूर्ण मर्यादा वापरता येते. आठ ठेवले तर ती निम्म्यावर येते आणि होस्टचे स्कॅनिंगही रेंगाळते. शिवाय पाथांचा आकडा ते पाथ एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हे सांगत नाही. दोन पोर्टांचे एकच एचबीए कार्ड असले तरी पडद्यावर चारच पाथ दिसतात, आणि दोन्ही फॅब्रिकच्या केबल एकाच डक्टमधून गेल्या असल्या तरीही चारच. हा हिशेब उघडा पडतो तो अ‍ॅरेच्या फर्मवेअर अपग्रेडच्या रात्री. कंट्रोलर एकामागून एक रीस्टार्ट होतात. ज्या होस्टचा एका बाजूचा पाथ महिनोन्‌महिने मेलेला असूनही कोणी पाहिलेला नसतो, तो दुसरी बाजू खाली जाताच एपीडीत जातो. म्हणून अपग्रेडची पहिली पायरी अ‍ॅरेवर नसते : प्रत्येक होस्टवर, प्रत्येक लनचे दोन्ही कंट्रोलरकडचे पाथ मोजून घेतले जातात.