जुनापाणीची शिलावर्तुळे : नागपूरची सर्वांत जुनी नक्षी

काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीत काळ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. गुरं चरतात त्या माळावर ती दगडांची रास वाटतात. प्रत्यक्षात ती लोहयुगातली दफने आहेत. नागपूरच्या आसपास माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमहारी अशी याच प्रकारच्या दफनांची ठिकाणं पसरलेली असून त्यांचा काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातला मानतात.

१८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळे उकरली. त्यात निघालेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. १८७९ मध्ये त्याने यावर लेख लिहिला, आणि दगडांवरच्या वाटीसारख्या गोल खळग्यांची दखल घेतली. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे जुनापाणीत उत्खनन केलं, आणि नंतरच्या दशकांत शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड खणून काढलं.

या उत्खननांतून माणूसच नव्हे, घोडाही समोर आला. माहुरझरीत मेलेल्या माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, तोही साजासकट. तोंडावर बसवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार, तोंडात लोखंडी लगाम. त्याच गावी अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांचे मणी घडवले जात, तर नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी होती. कुऱ्हाडींची बांधणीही बघण्यासारखी आहे : पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून त्याभोवती लोखंडी पट्ट्या आवळलेल्या.

मला मात्र सगळ्यात ओढ वाटते ती त्या खळग्यांची. बेसॉल्ट हा चिवट, कडक दगड. त्यात एकसारखी वाटी कोरायची, मग तिच्या शेजारी दुसरी, रांग चुकू न देता, हे वेळ जावा म्हणून कुणी करत नाही. हे खळगे ठरावीक दिशांनाच येतात, म्हणजे त्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असं काही खगोल-अभ्यासकांनी मांडलं आहे. ते सिद्ध होवो न होवो, रचना मुद्दाम केलेली आहे यात मला शंका नाही. विदर्भाच्या कलेची गोष्ट आपण रामटेक-मनसरच्या वाकाटक राजांपासून सुरू करतो. ती त्याच्या कित्येक शतकं आधी, या दगडांपासून सुरू करायला हवी. शहराचे ले-आऊट, म्हणजे घरांसाठी पाडलेले भूखंड, त्या दिशेने सरकत आहेत, म्हणून प्रत्येक खळगेवाल्या दगडाचं मोजमाप घेऊन रेखाटन आत्ताच व्हायला हवं. दगड एकदा हलला की त्याची दिशा परत मिळत नाही.