मफत गेला, फुकट गेला की मोकळा झाला? वादाची पार्श्वभूमी

११ मे २०२५, रविवार. आपल्याकडे रात्री नऊला मॅच सुरू. बडोद्यात त्या दिवसांत घरात बसवत नाही इतका उकाडा, म्हणून दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओटल्यावर एक्स्टेन्शन ओढून टीव्ही बाहेर आणलेला, पाचसहा घरांतली पोरं, दोन काका, आणि दुपारच्या रसपोळीनं अजून जड झालेले एकदोघं. लिव्हरपूल लीग आधीच जिंकून बसलेलं, समोर आर्सेनल, त्यामुळं टेन्शन काही नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये लिव्हरपूलचा राइट बॅक सब म्हणून उतरला आणि स्वतःच्याच ग्राउंडवर स्वतःच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. एकदा नाही, बॉल त्याच्या पायाशी आला की दर वेळी. सहा वर्षांचा असल्यापासून त्याच क्लबमध्ये वाढलेला, त्याच शहरातला पोरगा. काका म्हणाले, "अरे, हा आपल्याच टीमचा ने? मग ओरडतायत का?" तर शेजारचा म्हणाला, "काका, करार संपला, मफत चाललाय माद्रिदला."

त्या 'मफत'वर, म्हणजे नवा क्लब जुन्या क्लबला किंमत न देता खेळाडू नेतो त्यावर, आमच्या ओटल्यावर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, कारण माजी खेळाडूला गद्दार म्हणायचं की नाही हा वाद खरं तर त्या एका शब्दात अडकलाय आणि तो शब्द गेल्या तीस वर्षांत पार उलटा झालाय.

आधी इंग्लंडमध्ये 'फ्री ट्रान्सफर' मिळणं ही चांगली बातमी नसायची. क्लबला जो खेळाडू नको, ज्याचे कोणी पैसे देणार नाही, त्याला सांगायचे जा बाबा, तुझी किंमत मागत नाही. म्हणजे फ्री हा क्लबनं दिलेला नारळ. आणि ज्याला क्लबला ठेवायचंय त्याचा करार संपला तरी तो सुटत नसे. १८९३पासून नियमच तसा होता, नोंदणी क्लबच्या हातात, पगार न देताही खेळाडू अडवून ठेवता येई. १९०१मध्ये वर आणखी पगाराला छप्पर घातलं, आठवड्याला ४ पौंड. हे छप्पर १९६१पर्यंत टिकलं, तेव्हा आकडा २० पौंड होता. आपल्या बडोद्याच्या माणसाला हे क्रिकेटमुळं लगेच समजेल. रणजीचा खेळाडू दुसऱ्या राज्याकडून खेळायचं म्हटलं की एनओसी लागते, २०२१मध्ये आपला एक ऑलराउंडर राजस्थानला गेला तेव्हा गावात हीच चर्चा. तर समजा करार संपलाय, पगार बंद आहे आणि तरीही एनओसी हवी, ती मिळेपर्यंत घरी बसायचं. तशी ती पद्धत होती.

१९६०मध्ये न्यूकॅसल क्लबच्या पुढच्या फळीतल्या एका खेळाडूचा करार संपला, क्लब सोडेना, तर त्यानं खेळायलाच नकार दिला आणि दक्षिणेत जाऊन बुचं विकायच्या धंद्यात नोकरी धरली. काही महिन्यांनी क्लब नमला, त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांना विकलं. त्याला हवी ती टीम मिळाली होती, तरी त्यानं केस सोडली नाही. १९६३मध्ये कोर्टानं म्हटलं की करार संपलेल्या माणसाला असं डांबून ठेवणं म्हणजे त्याच्या रोजगारावर गैरवाजवी बंधन आहे. पण पूर्ण सुटका तेव्हाही झाली नाही. नवा क्लब भरपाई देईल हा भाग तसाच राहिला.

आता बोसमन निकाल. हे नाव सगळे घेतात, 'बोसमनवर गेला' असंही म्हणतात, पण नेमकं काय घडलं होतं ते कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं ते माहीत असतं तर निम्मा वाद मिटला असता.

बोसमन हा बेल्जियममधल्या लिएजच्या क्लबचा मिडफिल्डर. जून १९९०मध्ये करार संपणार होता. क्लबनं नवा करार पुढे ठेवला तो महिना ३०,००० फ्रँकचा, आधीचा पगार १,२०,००० होता. म्हणजे चौथा हिस्सा. त्यानं सही केली नाही, मग त्याला विक्रीच्या यादीत टाकलं आणि नियमाच्या हिशोबानं त्याची किंमत लावली १ कोटी १७ लाख फ्रँकच्या वर. इथं थांबून बघा, ज्या माणसाला तुम्ही महिन्याला तीस हजाराच्या लायकीचा म्हणताय त्याचीच किंमत दुसऱ्याला सव्वा कोटीच्या आसपास सांगताय. फ्रान्सच्या सेकंड डिव्हिजनमधला डंकर्क तयार झाला, एका वर्षासाठी १२ लाख फ्रँक देणार होता, सगळं ठरलं. पण डंकर्क पैसे फेडू शकेल का अशी लिएजला शंका आली आणि त्यांनी ट्रान्सफरचं सर्टिफिकेट पाठवायची विनंतीच केली नाही. व्यवहार बारगळला. आणि ३१ जुलै १९९०ला लिएजनं त्याला सस्पेंडही करून टाकलं, म्हणजे तो पूर्ण सीझन कुठंच खेळता येणार नाही. त्यानं काय गुन्हा केला होता? पाऊणपट पगार कापून घ्यायला नाही म्हणाला, एवढाच.

तो कोर्टात गेला. पाच वर्षं गेली, फुटबॉलपटूच्या आयुष्यातली पाच वर्षं, सव्विसाव्या वर्षापासून पुढची. १५ डिसेंबर १९९५ला युरोपच्या कोर्टाचा निकाल आला आणि त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या, लोक त्या नेहमी एक करतात. पहिली, करार संपल्यावर युरोपियन युनियनमधला खेळाडू तिथल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला तर जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. दुसरी, युनियनमधल्या देशांच्या खेळाडूंवर 'परदेशी' म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. पहिलीनं ट्रान्सफर बदलली, दुसरीनं टीम सिलेक्शन. करार चालू असताना मध्येच उठून जायची परवानगी या निकालानं कोणालाही दिली नाही, हे मुद्दाम सांगतो कारण ओटल्यावर दोनदा तसं ठासून सांगितलं गेलं.

सिलेक्शनचा भाग आजच्या पोरांना खोटा वाटतो. तेव्हा युरोपच्या कपांमध्ये तीन परदेशी आणि वर तिथंच वाढलेले दोन परदेशी एवढेच खेळवता येत, आणि इंग्लिश क्लबसाठी स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंडचे खेळाडूसुद्धा परदेशी धरले जात. २ नोव्हेंबर १९९४, मँचेस्टर युनायटेड बार्सिलोनात. त्यांचा डॅनिश गोलकीपर, त्या काळातला जगातल्या अव्वल दोनतीन गोलकीपरांपैकी एक, फिट असून बाहेर बसवला, कारण मैदानावर परदेशी म्हणून त्याच्याऐवजी दुसरा हवा होता. ४-० हरले. मॅनेजरला शिव्या खूप पडल्या आणि अजूनही कोणी ती मॅच काढली की गोलकीपरला का बसवला म्हणून विचारतात. अरे पण त्याच्या हातात काय होतं? अकरा नावं काढायची आणि त्यातले सहासात कागदोपत्री परदेशी. माझ्या मते त्या रात्री हरला तो नियम. पाच वर्षांनी, २६ डिसेंबर १९९९ला, चेल्सीनं साउदॅम्प्टनविरुद्ध सुरुवातीचे अकराच्या अकरा परदेशी उतरवले, इतकं सगळं पालटलं. मग परत उलट ओरड, आपली पोरं कुठायत, आणि २०१०पासून इंग्लिश लीगमध्ये २५च्या यादीत किमान ८ घरचे वाढलेले हवेत असा नियम आला. घरचे म्हणजे तिथं तयार झालेले, पासपोर्ट कुठलाही चालतो.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वाटेनं चालू आहे. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची नवी लीग आली तेव्हा मैदानावर ६ परदेशी चालत, २०१७मध्ये ५ झाले, २०२१मध्ये ४. गोल मारायची जागा बहुतेक टीम परदेशीलाच देतात, आणि त्याचं फळ काय तर जून २०२४मध्ये निवृत्त झालेल्या राष्ट्रीय कॅप्टनला मार्च २०२५मध्ये चाळिशीत परत बोलवावं लागलं, आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही त्यानंच केला. मला तो माणूस फार आवडतो, पण त्या गोलनं आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली.

तर 'मफत'कडे परत. निकालाचा पहिला मोठा फटका नेदरलँड्सच्या अयाक्स क्लबला. मे १९९५मध्ये व्हिएन्नात मिलानला १-० हरवून युरोपचा कप जिंकलेली ती टीम, बरीचशी स्वतःच्या अकॅडमीत वाढवलेली. गोल मारणारा पोरगा १८ वर्षांचा. १९९७मध्ये करार संपला आणि तो मिलानलाच गेला, अयाक्सच्या हातात त्याचे शून्य. वर्षभर आधी त्याच टीमचा, पुढं चष्मा घालून खेळायला लागलेला मिडफिल्डर, तोही मिलानला, तोही शून्य. अयाक्सच्या लोकांचं दुःख मला कळतं, पोरं तुम्ही घडवायची आणि मोठी झाल्यावर श्रीमंताच्या दारात बिनपैशानं जायची. लहान वयाच्या खेळाडूंसाठी ट्रेनिंगची भरपाई २००१च्या नियमांत आली ती या दुखण्यातूनच, पण ती वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंतच.

आणि इथंच शब्द उलटला. क्लबनं दिलेला नारळ होता तो आता खेळाडूच्या हातातला हुकमाचा पत्ता झाला. पण फुकट कोणाला? नव्या क्लबला तर अजिबात नाही, सहीचा मोठा बोनस, जाडा पगार, एजंटचं कमिशन, सगळं मोजावं लागतं. फक्त जो पैसा जुन्या क्लबकडे गेला असता त्यातला बराच खेळाडूकडे वळतो. म्हणून मी आमच्या ओटल्यावर सारखं म्हणतो की मफतही नको आणि फुकटही नको, मोकळा म्हणा. करार संपला, मोकळा झाला.

तरी राग येतो तो येतोच. २००१मध्ये टॉटनहॅमचा कॅप्टन असा मोकळा होऊन थेट शेजारच्या आर्सेनलमध्ये गेला. नोव्हेंबरात जुन्या ग्राउंडवर आला तेव्हा सगळीकडे जुडास, म्हणजे येशूला दगा देणारा, असं लिहिलेलं. लिव्हरपूलचंच बघा ना, १९९९मध्ये त्यांचा एक विंगर अगदी असाच करार संपवून माद्रिदला गेला होता, पुढच्याच वर्षी युरोपच्या फायनलमध्ये त्यानं गोल मारला. तोही त्याच शहरातला, त्याच क्लबमध्ये वाढलेला. २६ वर्षांनी तोच रस्ता धरणाऱ्या राइट बॅकवर इतकी आग, आणि त्याच्या वेळी तर क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर लवकर सोडलं म्हणून माद्रिदनं थोडे पैसेही मोजले, बातम्यांत आकडा १ कोटी युरोच्या आसपासचा होता.

या सगळ्यातून क्लबही शहाणे झाले आणि कठोरही. शेवटचं वर्ष लागलं की सही कर नाहीतर बाहेर बस. २०२३च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या क्लबनं आपल्या सगळ्यात मोठ्या स्ट्रायकरला, करार वाढवत नाही म्हणून, जपानच्या दौऱ्यातून वगळलं आणि लीगची पहिली मॅचही खेळवली नाही. ती ०-० सुटली. दुसऱ्या दिवशी आत घेतला. पुढच्या उन्हाळ्यात तो मोकळा होऊन माद्रिदला गेलाच. म्हणून आता टीमची यादी आली आणि एखादा फिट माणूस गायब दिसला की आमच्यात फॉर्मच्या आधी करार किती उरलाय ते बघतात. लिएजच्या सस्पेन्शनची आणि या बेंचची जात एकच आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये युरोपच्या त्याच कोर्टाचा आणखी एक निकाल आला. मॉस्कोच्या क्लबशी करार तुटलेल्या एका फ्रेंच मिडफिल्डरची केस, आणि या वेळी मुद्दा करार चालू असतानाच तोडला तर काय हा. नव्या क्लबलाही दंडात ओढायचे जे नियम होते ते युरोपच्या कायद्यात बसत नाहीत असं ठरलं, आणि वर्ष संपायच्या आत जागतिक संघटनेनं तात्पुरते नवे नियम काढले.

१ सप्टेंबर २०२५ला गौरीपूजन होतं आणि त्याच रात्री साडेअकराला इंग्लंडची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू विकायची-घ्यायची मुदत, बंद होणार होती. सगळ्यांच्या घरी गौरी जेवलेल्या, पुरणपोळ्या झालेल्या, बायका हळदीकुंकवाला या वाड्यातून त्या वाड्यात जातायत आणि आम्ही ओटल्यावर फोन घेऊन. न्यूकॅसलचा स्ट्रायकर, जो ऑगस्टभर खेळायला तयार नव्हता, तो लिव्हरपूलला गेल्याची बातमी आली. १२ कोटी ५० लाख पौंड. मी काकांना १९६०ची ती बुचं विकणाऱ्याची गोष्ट सांगितली, तोच क्लब, तोच नकार, पासष्ट वर्षांचं अंतर.

काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याचा करार संपला होता का?"

"नाही काका, तीन वर्षं बाकी होती."

"मग हा मोकळा नाही झाला," काका म्हणाले, "हा विकला गेला. तो जुना मोकळा व्हायला बघत होता. दोघांना एका माळेत नको ओवूस."