चित्रदालनातली सिनेमाची मैफल : कोल्हापूरची पार्श्वभूमी

एखाद्या सिनेमावरून सुचलेलं संगीत चित्रदालनात बसून वाजवायचं, ही कल्पना कोल्हापूरला परकी नाही. इथला सिनेमा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांच्या हातून आला. बाबूराव आणि आनंदराव पेंटर हे त्यातले अग्रणी. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला आणि लोकमान्य टिळकांकडून 'सिनेमा केसरी' ही पदवी मिळवली. जाहिरातीची पोस्टरंही ते स्वतः रंगवत.

मूकपटाला आवाज नव्हता, पण खेळ मुका नसे. पडद्याजवळ बसून पेटी-तबलेवाले प्रसंग बघत वाजवायचे. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, तेव्हा त्याचं संगीत कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंब्यांकडे आलं. मूळचे पेटीवादक असलेल्या टेंब्यांनी त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज हाती नाहीत, ही आपली मोठी हानी. म्हणूनच पोस्टर आणि छायाचित्रं भिंतीवर लावून त्यांच्यासमोर वाजवणं हा इथे सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

चित्रफीत उपलब्ध असेल, तर आधी तिचा वेग तपासावा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, तर २४ चौकटींनी सव्वाअकरा मिनिटांच्या आत संपतं. तालीम एका वेगाच्या फाइलवर आणि प्रयोग दुसऱ्या वेगावर झाला, की सगळ्या जागा चुकतात. मग पडद्यावरचं युद्ध संपून गेल्यावर तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा शेवटचा तुकडा) येते!

तालाचंही तसंच. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन १२ सेकंद घेतं. तेवढ्यात दृश्य बदललेलं असतं. १२० मात्रांच्या लयीतला आठ मात्रांचा केरवा चार सेकंदांत समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, येतो, त्यामुळे दृश्याबरोबर वळणं सोपं जातं. शोकाच्या प्रसंगाला ठेका सोडून नुसते आलाप ठेवलेले बरे.

दालनाच्या उघड्या भिंती आणि फरशी डग्ग्याचा घुमारा लांबवतात, बोल एकमेकांत मिसळतात. खाली सतरंज्या आणि वादकांच्या मागे जाड पडदा हवाच. छोट्या दालनात तबल्याला माइक नकोच. पावसाळ्यात दमट हवेने पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडून सूर उतरतो, एसी लावला की चढतो, पेटी मात्र आहे तिथेच राहते. म्हणून एसी तासभर आधी सुरू करून, तबला त्याच हवेत ठेवून मग जुळवावा. वादकांचे दिवे खाली तोंड करून लावावेत, नाहीतर उजेड थेट पडद्यावर जातो आणि काळोखातली दृश्यं पुसट होतात.