सीएसआरआयसी : सदस्यनिवड

अमेरिकेत दूरध्वनी, मोबाइल, केबल, उपग्रह आणि नभोवाणी-दूरचित्रवाणी यांचे नियमन फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (यापुढे ‘आयोग’) करते. ही जाळी सुरक्षित आणि भरवशाची कशी राहतील, याबद्दल आयोगाला सल्ला देणारी परिषद म्हणजे कम्युनिकेशन्स सिक्युरिटी, रिलायबिलिटी अँड इंटरऑपरेबिलिटी कौन्सिल, थोडक्यात सीएसआरआयसी. तिची सनद दोन वर्षांची असते. सनदेचे नूतनीकरण झाले की आयोग जाहीर सूचना काढून नावे मागवतो आणि आलेल्या नावांतून आयोगाचे अध्यक्ष सदस्य नेमतात. परिषदेला कोणाला दंड करता येत नाही, की कोणावर नियम लादता येत नाही. तिच्या हाती फक्त सल्ला आहे, आणि तो कसा निघणार हे टेबलाभोवती कोण बसले यावर बरेचसे ठरते. म्हणून या नोंदीत परिषदेच्या अहवालांपेक्षा तिच्या माणसांच्या निवडीकडे अधिक लक्ष दिले आहे.

या निवडीची पाळेमुळे १९९१ सालात आहेत. त्या वर्षी जूनच्या अखेरीस आणि जुलैच्या सुरुवातीला वॉशिंग्टन व आसपासची राज्ये, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग अशा ठिकाणी लाखो फोन काही तास मुके झाले. फोन जोडण्याआधी एक्स्चेंज एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या सिग्नलिंग सिस्टिम ७ (एसएस७) च्या यंत्रांत बिघाड होता. टेक्ससमधल्या डीएससी कम्युनिकेशन्स या कंपनीने आज्ञावलीत मोजक्याच ओळी बदलल्या होत्या. बदल किरकोळ, म्हणून पुन्हा संपूर्ण चाचणी घेतली नव्हती. त्या बदलात ‘डी’च्या जागी ‘६’ टंकला गेला. संगणकाच्या सोळा चिन्हांच्या (षोडशमान) लेखनात डी म्हणजे ११०१ आणि ६ म्हणजे ०११०. चुकले ते एवढे तीन बिट.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टीचे मोठे केंद्र बंद पडले. उकाड्यामुळे शहराच्या विजेवर ताण होता, म्हणून केंद्राने स्वतःच्या जनित्रांवर जायचे ठरवले. जनित्रांची वीज पुढे पोचलीच नाही आणि सगळा भार बॅटऱ्यांवर आला. बॅटऱ्या उतरत असल्याची सूचना देणारे दिवे लागले होते, पण ते पाहायला जागेवर कोणी नव्हते. ते काम ज्यांचे, ती मंडळी त्या दिवशी प्रशिक्षणाला गेली होती, आणि प्रशिक्षणाचा विषय होता धोक्याची सूचना देणारी यंत्रणा. हवाई वाहतूक नियंत्रणाचे संदेश याच केंद्रातून जात असल्याने न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांवरची विमाने जमिनीवर अडकली.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, आयोगाने नेटवर्क रिलायबिलिटी कौन्सिल स्थापन केली. तिच्यात प्रामुख्याने मोठ्या दूरध्वनी कंपन्यांचे प्रमुख होते. अध्यक्षपद दूरध्वनी उद्योगात हयात घालवलेले पॉल हेन्सन यांच्याकडे होते. प्रमुखांनाच बसवण्यामागे व्यवहारी हिशेब होता : वरच्या माणसाने खोलीत मान डोलावली की कंपनीत हुकूम सुटतो. परिषदेने देशभरच्या बिघाडांची माहिती गोळा करून १९९३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात ऑप्टिकल फायबर तुटण्याचे ठळक कारण निघाले खोदकाम. रस्त्यावर जेसीबी आला की मोहल्ल्याचे इंटरनेट गेलेच, हे ज्याने अनुभवले आहे त्या मराठी वाचकाला हा निष्कर्ष सांगायला नको. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर परिषदेच्या नावात आणि कामात एकमेकांच्या जाळ्यांशी जोडणी हा विषय शिरला. ११ सप्टेंबर २००१ नंतर घातपातापासूनच्या संरक्षणाला महत्त्व आले, आणि २००२ मध्ये नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी वेगळी परिषद निघाली. २००७ च्या सनदेने या दोन्ही परिषदांचे काम एका छपराखाली आणले, तीच सीएसआरआयसी.

निवडीची चौकट १९७२ च्या संघीय सल्लागार समिती कायद्याने घालून दिली आहे. समितीची सनद दोन वर्षांनी संपते. बैठका जनतेला खुल्या असतात आणि त्यांची सूचना साधारणपणे पंधरा दिवस आधी सरकारी राजपत्रात छापावी लागते. शासनाने नेमलेला अधिकारी हजर असल्याशिवाय बैठक भरवता येत नाही. सदस्यांच्या रचनेत वेगवेगळ्या दृष्टिकोनांचा वाजवी समतोल हवा, असेही कायदा म्हणतो. पण वाजवी म्हणजे किती, हे तो सांगत नाही. सगळी मेख इथे आहे. अन्नातल्या सूक्ष्मजंतूंविषयीच्या एका समितीत ग्राहकांचा प्रतिनिधी नाही म्हणून पब्लिक सिटिझन ही संस्था न्यायालयात गेली होती. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांनी तीन वेगळी मते दिली. एक म्हणाले, समतोल आहे. दुसरे म्हणाले, हा न्यायालयाने मोजायचा विषयच नाही. तिसरे संस्थेच्या बाजूचे होते. संस्था हरली, आणि समतोलाचा काटा बहुतांशी नेमणाऱ्याच्याच हाती राहिला.

सीएसआरआयसीसाठी नाव पाठवायचे तर अर्जाचा पसारा मोठा नसतो. नाव, हुद्दा, संस्था, पत्ता, या कामाचा अनुभव, आणि आपण कोणाचे हित मांडणार याचे निवेदन. स्वतःचे नाव स्वतः देता येते, दुसऱ्याचेही सुचवता येते. दूरध्वनी व केबल कंपन्या, यंत्रे बनवणारे, राज्य व स्थानिक सरकारे, मूळनिवासी जमातींची प्रशासने, आपल्या ११२ सारखी असलेली ९११ सेवा चालवणारे, ग्राहक आणि अपंग व्यक्तींच्या संघटना, अशा सर्वांकडून नावे अपेक्षित असतात.

यात दोन टोप्या आहेत आणि कोणती घालायची हे आधीच ठरते. संस्थेच्या वतीने बसणारा ‘प्रतिनिधी’ असतो. त्याने पक्षपात करणे गृहीतच असते, किंबहुना त्यासाठीच त्याला बोलावलेले असते. स्वतःच्या तज्ज्ञतेवर येणारा मात्र ‘विशेष शासकीय कर्मचारी’ ठरतो. त्याला आपले आर्थिक हितसंबंध लेखी कळवावे लागतात आणि हितसंघर्षाचे कायदे लागू होतात. परिणामी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला आपल्या शेअर्सचा हिशेब द्यावा लागू शकतो आणि कंपनीच्या उपाध्यक्षाला नाही. विचित्र वाटते, पण तर्क सुसंगत आहे : उपाध्यक्ष कोणाच्या बाजूचा आहे हे त्याच्या नावाखालच्या ओळीतच लिहिलेले असते. लॉबिस्टांचेही, म्हणजे कोणाच्या तरी हितासाठी सरकारदरबारी पगारी वकिली करणाऱ्यांचेही, तसेच. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी नोंदणीकृत लॉबिस्टांना अशा समित्यांवर नेमू नये असा आदेश दिला. काहींनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, आणि २०१४ मध्ये नियम सैल झाला. आता प्रतिनिधी म्हणून लॉबिस्ट चालतो, वैयक्तिक तज्ज्ञ म्हणून नाही.

मानधन मिळत नाही, प्रवासखर्चही नाही. परिषद सहसा तीन महिन्यांतून एकदा भरते, पण खरे काम कार्यगटांत होते आणि तिथे दूरध्वनी बैठका व मसुद्यांची ये-जा सतत चालू असते. मोठ्या कंपनीत त्यासाठी पगारी माणूस असतो. एखाद्या छोट्या जिल्ह्याच्या ९११ केंद्राच्या प्रमुखाला मात्र आपली पाळी सांभाळून हे करावे लागते. जागा राखलेली असूनही आवाज बारीक राहतो त्याचे माझ्या मते हेच पहिले कारण, आणि ते कोणत्याही कटाशिवाय घडते. शिवाय कार्यगटांच्या बैठका जनतेला खुल्या नसतात. त्यांत परिषदेचा सदस्य नसलेलाही बसू शकतो. गटाचा अहवाल खुल्या सभेत येतो तेव्हा वाक्ये बहुधा घासूनपुसून तयार झालेली असतात.

एसएस७ चेच पुढचे प्रकरण पाहावे. २०१६ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर खासदार टेड ल्यू यांच्या संमतीने त्यांचा फोन दुरून ऐकून दाखवण्यात आला. हल्लेखोराला फक्त त्यांचा फोन नंबर माहीत होता. त्यानंतर आयोगाने हा विषय परिषदेकडे सोपवला. मार्च २०१७ मध्ये कार्यगटाचा अहवाल आला. त्यात संदेशांवर देखरेख आणि चाळणी लावण्यासारख्या शिफारशी होत्या, आणि त्या अमलात आणाव्यात असे आयोगाने कंपन्यांना आवाहन केले. सिनेटर रॉन वायडन यांचे समाधान झाले नाही. त्यांची तक्रार होती की गटात मोबाइल उद्योगाच्याच माणसांचे वर्चस्व होते. २०१९ मध्ये प्रोजेक्ट ऑन गव्हर्नमेंट ओव्हरसाइट या देखरेख करणाऱ्या संस्थेनेही परिषदेच्या रचनेवर हाच आक्षेप घेतला. उद्योगाची बाजू अगदीच पोकळ नाही. एसएस७ चे संदेश आतून कसे वाहतात हे ती यंत्रे चालवणाऱ्याइतके बाहेरच्याला क्वचितच कळते, आणि कंपन्या आपली दुबळी जागा विरोधकासमोर उघडी करणार नाहीत. मात्र दुरुस्तीचा खर्चही त्यांच्याच माथी असतो. ज्याला रोग ठाऊक, त्यालाच औषधाचे बिल भरायचे, आणि डोसही त्यानेच लिहायचा, अशी ही बैठक आहे.

२०२१ मध्ये आयोगाने परिषद पुन्हा उभी करताना संघीय सायबर सुरक्षा संस्था सिसाला सहअध्यक्षपद दिले. उद्योगाबाहेरचे, पण विषयाची माहिती असलेले कोणीतरी वरच्या खुर्चीत असावे, हा त्यामागचा एक उघड फायदा. त्या खेपेस ५जी, ओपन रॅन (वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग जोडून मोबाइल जाळे उभारण्याची पद्धत) आणि सॉफ्टवेअर पुरवठा साखळी हे विषय होते. २०२४ मध्ये बसलेल्या नवव्या परिषदेकडे ६जी ची पूर्वतयारी, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कोणत्याही उपलब्ध जाळ्यावरून ९११ लागणे हे विषय आले. प्रत्येक खेपेला विषयाबरोबर माणसेही बदलतात. मागच्या सदस्याची जागा आपोआप पुढे चालत नाही, त्यालाही नव्या सूचनेची वाट पाहून पुन्हा नाव पाठवावे लागते.