मूकपटांतील बालभूमिका आणि नाशिकचा फाळके कारखाना

भारतीय पडद्यावरची पहिली मुले सिनेमात आली ती चित्रपटकर्त्याच्या स्वतःच्या घरातून. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत पुरा करून ३ मे १९१३ रोजी त्यांनी तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लावला आणि त्याच वर्षी बिऱ्हाड व कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. ‘कारखाना’ हा शब्द त्यांच्या मंडळींच्या तोंडचाच. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडत. म्हणून कोणी विचारलेच, तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे’ असे सांगा, अशी फाळक्यांची ताकीद असे.

पहिली बालभूमिका नाशिकला येण्याआधीची, ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या रोहिदासाची. कथेत हा मुलगा मरतो. असले अशुभ काम आपल्या पोराला करू द्यायला कोणी आईबाप तयार होईनात, तेव्हा फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र यालाच उभे केले. बाहेरचे चित्रण वांगणीला चालू असताना भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला, डोक्याला खोक पडली आणि तो बेशुद्ध झाला, असे सांगतात. मंडळी काम थांबवा म्हणत होती. फाळक्यांनी मात्र मृत रोहिदासाचा प्रसंग त्याच अवस्थेत टिपून घेतला. ही हकीकत जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण त्या वेळी आई सरस्वतीबाईंच्या मनाचे काय झाले असेल, हा विचार तिच्यासोबत यायलाच हवा. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, ही कामे त्याच माउलीच्या अंगावर होती.

नाशिकला आल्यावर केलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मोहिनीचे काम कमलाबाईंनी (पुढच्या कमलाबाई गोखले) केले, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या. या दोघी फिरत्या नाटक मंडळीतल्या, रंगभूमीवर मुरलेल्या. याच्या जरा आधी तारामतीसाठी एक बाई मिळाली नव्हती. ग्रँट रोडवरच्या खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले होते.

१ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. नाशिकच्या या कंपनीचे ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) हे दोन्ही चित्रपट एका लहान मुलीच्या खांद्यावर उभे आहेत. ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. दोन्हींत कृष्ण तीच. ज्या धंद्यात पुरुष लुगडे नेसून राणी होत होते, त्यात एक पोर मोरपीस लावून गोकुळाचा खट्याळ मुलगा झाली आणि प्रेक्षकांनी तिला कृष्ण म्हणून मानले.

‘कालियामर्दन’ची सुरुवात मुद्दाम पाहावी अशी आहे. कथा सुरू होण्याआधी एक पाटी येते: सात वर्षांच्या मुलीचे भावदर्शन. मग पडदाभर फक्त मंदाकिनीचा चेहरा. हसू, रुसवा, राग असे भाव एकामागून एक त्यावर उमटत जातात. आणि तोच चेहरा हळूहळू विरघळून कृष्णाचा होतो. प्रेक्षकाला आधी घरातली मुलगी दाखवायची आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत तिला देव करायचे, ही फाळक्यांची युक्ती मला त्यांच्या साऱ्या चमत्कारदृश्यांपेक्षा मोठी वाटते. पुढे लोण्याची चोरी होते, झोपलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधली जाते, आणि शेवटी यमुनेच्या डोहात कालियाशी झुंज होते. त्या वयात तिने हे सगळे एका शब्दाशिवाय पेलले.

मुलांसाठी हे काम सोपे नव्हते. चित्रण उन्हात चाले, कारण प्रकाशाची भिस्त सूर्यावर. कॅमेरा हाताने फिरवायचा. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे असले, तर नटाला ठरल्या जागी ठरल्या वेळी उभे राहावेच लागे. पाऊल इकडचे तिकडे झाले की साराच खेळ फसला. आवाज नसल्यामुळे मागून सूचना ओरडून देता येत, तेवढीच सोय. घरच्या मुलांना बापाचा आवाज ओळखीचा. त्यांची कामे इतकी मोकळी झाली, त्याचे एक कारण मला यात दिसते.

या कारखान्यात नटाचा तंत्रज्ञ होण्याची वाट होती. तारामती झालेले, ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही केलेले साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायालेखक झाले. मुलांपैकी मात्र भालचंद्र व मंदाकिनी यांची ओळख बालकलाकार म्हणूनच राहिली. पोरवयात रंगमंचावर उभा राहून पुढे दिग्दर्शक झालेला माणूस पाहायचा, तर कोल्हापूरकडे वळावे लागते. शांताराम वणकुद्रे (व्ही. शांताराम, जन्म १९०१) लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते. १९२० मध्ये ते बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले, ‘सुरेखाहरण’मध्ये (१९२१) कृष्ण झाले, ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकरी झाले आणि १९२७ मध्ये त्यांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला. तिथे पोराला पडेल ते काम करत कसब उचलता आले. मंदाकिनीसारख्या मुलीला त्या काळात ही वाट कोण मोकळी करून देणार होते? ज्या घरात आई फिल्म धूत होती, त्या घरातली मुलगी कॅमेऱ्यामागे उभी राहिली असती तर ते नवल ठरले नसते, एवढे नक्की.

फाळक्यांनी अखेरचा श्वास नाशिकमध्येच घेतला, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळे गेली. ‘कालियामर्दन’ मात्र बराचसा वाचला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडे जुळवून तो उभा केला, म्हणून मंदाकिनीचा तो रुसवा आणि ते हसू आजही पाहता येते.