फेल्टच्या टोपीवरचे डाग आणि पाण्याचं नुकसान काढणं

फेल्टची टोपी साफ करणं म्हणजे लोकर दाबून बनवलेल्या टोपीवरून किंवा हॅटवरून धूळ, घाम, तेल, चिखल, रंग यांचे डाग काढणं आणि भिजून बिघडलेला तिचा आकार परत आणणं. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात, रोजच्या डोक्यावर पांढरी टोपीच जास्त दिसते, ती सुती असते, धुवायची, खळ द्यायची, इस्त्री मारायची, काम झालं. काळ्या लोकरी टोपीचं तसं नाही. ती लग्नाकार्यात, देवदर्शनाला, थंडीत डोक्यावर चढते, बाकी वर्षभर पेटीत असते, आणि वर्षातून ज्या चार-पाच वेळा बाहेर निघते तेव्हाच तिच्यावर रस्सा सांडतो, गुलाल पडतो नाहीतर पाऊस येतो. मग घरातलं कोणीतरी पांढऱ्या टोपीसारखीच तिला बादलीत टाकतं आणि टोपी कायमची जाते.

असं का होतं ते कळायला फेल्ट काय चीज आहे ते आधी बघावं लागतं. फेल्ट विणलेलं नसतं, त्यात उभा आडवा धागाच नसतो. लोकरीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात, लोकर गरम पाण्यात साबण लावून चोळली, दाबली की केस एकमेकांत सरकतात आणि खवले एकमेकांत अडकतात, उलटे सुटत नाहीत, आणि लोकरीचा घट्ट जाड थर तयार होतो. मराठीत याला नमदा म्हणतात, घोड्याच्या खोगीराखाली घालतात तो नमदा याच जातीचा, दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरते तिथे खोगीर उचलून बघितलं तर दिसेल. आता मुद्दा असा की गरम पाणी, साबण आणि घासणं ही फेल्ट बनवायची कृती आहे, आणि आपण कपडे धुतो तेव्हा नेमकं हेच करतो. म्हणजे टोपी धुवायला घेतली की ती साफ होत नाही, ती पुढे आणखी फेल्ट होत जाते, आक्रसते, जाड होते, कडक होते. आक्रसलेली लोकर परत मोकळी होत नाही.

आमच्या आबांची काळी टोपी मी अशीच घालवली. कोमट पाणी, कपड्याची पावडर, प्लास्टिकचा ब्रश, आणि वरून मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घातली, दुपारपर्यंत ती लहान पोराच्या डोक्यात बसेल एवढी झाली होती. आबा काही बोलले नाहीत, टोपी हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितली आणि पेटीत ठेवून दिली. खाली जे लिहिलंय ते त्यानंतर शिकलेलं आहे, म्हणून ते जरा पोटतिडकीने लिहिलंय.

टोपी कशाची आहे ते आधी ओळखा

काळी टोपी दिसली म्हणजे फेल्टच असं नाही. काही मखमलीच्या असतात, काही साध्या कापडाच्या आणि आत पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या टोपीला पाणी लागलं की पुठ्ठा फुगतो आणि तिथे कुठलाच उपाय चालत नाही. यात्रेत मिळणाऱ्या रंगीत काउबॉय हॅट बहुतेक पॉलिस्टरच्या नमद्याच्या असतात, त्या ओल्या फडक्याने पुसल्या तरी चालतात, फक्त वाफ देऊ नका, डिंक सुटतो. जुन्या फोटोत दिसते ती साहेबी सोला हॅट तर फेल्टच नाही, ती एका पाणवनस्पतीच्या हलक्या गराची असते. शंका असली तर आतल्या शिवणीजवळचे दोन-चार केस चिमट्याने ओढून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरा होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो.

एनसीसीच्या पोरापोरींची बेरेट आधी विणतात आणि मग तिचा नमदा करतात. ती नवीन असताना मुद्दाम कोमट पाण्यात भिजवून डोक्यावर बसवून आकार देतात, ते बरोबर आहे, पण ते आकार द्यायला असतं, धुवायला नाही.

भारी हॅट लोकरीऐवजी सशाच्या किंवा बीव्हरच्या मऊ केसांच्या असतात. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. पूर्वी हे केस नीट जमावेत म्हणून त्यांना पाऱ्याचं संयुग लावायचे, त्याने हॅट कारखान्यातल्या कामगारांचे हातपाय थरथरायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा, अमेरिकेत ही पद्धत १९४१ मध्ये बंद झाली. म्हणून पणजोबांच्या ट्रंकेत त्या काळातली विलायती हॅट सापडली तर तिला वाफ देऊ नका, झटकू नका, पिशवीत बंद करून ठेवा आणि हात धुवा.

भिजलेली टोपी

खान्देशात पाऊस तसा बेताचा, पण श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला वाजतगाजत निघालं आणि सर आली की टोपी भिजतेच. भिजल्याने फेल्टचं वाटोळं होत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पिऊन घेते तरी हाताला ओली लागत नाही, मेंढी पावसात उभी असतेच की. वाटोळं होतं ते नंतरच्या घाईने. उन्हात टाकली, चुलीजवळ ठेवली, ड्रायर मारला, इस्त्री फिरवली, यातलं काहीही केलं की एक बाजू आधी वाळते, दुसरी ओली राहते, टोपी वाकडी होते आणि आतला घेर कमी होतो.

घरी आलं की टोपी हलकेच झटकायची, सुती पंचाने पाणी टिपून घ्यायचं, टिपायचं म्हणजे दाबायचं, पुसायचं नाही. आतली चामड्याची किंवा कापडाची पट्टी असेल तर ती बाहेर उलटी काढायची, कारण पाणी तिच्यामागेच साचतं आणि तिथूनच कुबट वास सुरू होतो. पट्टी बाहेर काढलेली हॅट तिच्यावरच उभी केली तर कड हवेत राहते, चपटी होत नाही. आपल्या काळ्या टोपीला कड नसते, तिला आतून आधार पाहिजे, त्याला घरातला स्टीलचा डबा किंवा उपडं पातेलं चालतं, फक्त डोक्याच्या मापाचं पाहिजे, मोठं असलं तर टोपी सैल होऊन बसते, आणि डब्यावर आधी एक जुनं सुती फडकं गुंडाळायचं म्हणजे गंज लागत नाही आणि आतून हवा खेळते. सावलीत, घरात, पंख्यापासून लांब ठेवायची. उन्हाळ्यात एका दिवसात वाळते, पावसाळ्यात दोन-तीन दिवस जातात आणि ते जाऊ द्यायचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा तर खिडकीतली झळ सुद्धा लागू द्यायची नाही.

वाळल्यावर पाण्याचा डाग दिसतो, मध्ये फिकट आणि भोवती गडद रेघ. हा डाग पाण्याचा नसतोच. टोपीतली धूळ, घामाचं मीठ, थोडा कच्चा रंग आणि कडकपणासाठी लावलेली खळ हे सगळं पाण्यात विरघळून पाण्याबरोबर कडेला जातं आणि तिथे वाळतं, त्याची ती रेघ. त्यामुळे तेवढीच जागा परत ओली केली तर रेघ फक्त थोडी बाहेर सरकते. सगळ्या भागाला सारखा ओलावा द्यावा लागतो, आणि तो वाफेने द्यायचा. उघड्या पातेल्यात पाणी उकळायचं, टोपी वाफेवर वीतभर उंच धरायची, सतत फिरवत राहायची, लोकर जरा मऊ लागली की बाजूला घेऊन मऊ ब्रशने एकाच दिशेने ब्रश करायचं. कुकरच्या शिट्टीची वाफ नको, तिच्याबरोबर पाण्याचे थेंब उडतात आणि नवीन डाग पडतो, हातही भाजतो. आपल्याकडे बऱ्याच गावात बोअरचं पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर धरतो ते, ते पाणी टोपीला कधीच लावू नका, त्याचा क्षार काळ्या लोकरीवर उठून दिसतो. फडकं ओलं करायचं तर फिल्टरचं पाणी घ्या.

वाफेचा दुसरा उपयोग म्हणजे थोडी आक्रसलेली टोपी. आतून वाफ देऊन गरम असतानाच डब्यावर ओढून बसवली आणि तशीच पूर्ण थंड होऊ दिली तर थोडाफार घेर परत मिळतो. साबणाने घट्ट झालेल्या टोपीला याचा उपयोग होत नाही, मी करून बघितलंय.

डाग

कुठल्याही डागाला आधी कोरडा उपाय, ओला नंतर, आणि बऱ्याच वेळा ओल्याची वेळच येत नाही. काळ्या मातीचा चिखल उडाला की लोक लगेच ओल्या हाताने पुसतात आणि ती चिकणमाती केसांच्या आत बसते. तो पूर्ण सुकू द्यायचा, मग खपली नखाने उचलायची आणि ब्रश मारायचा, निघून जातो. गुलालाचं पण तसंच, टोपी उपडी करून मागून टिचक्या मारायच्या, मग ब्रश, पाण्याचा थेंब पडला की गुलाल रंग धरतो आणि मग लोकर तो सोडत नाही, कारण लोकर हा केस आहे आणि केसावर रंग चांगला चढतो. गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल आणि पाऊस एकदमच येतात, त्या दिवशी लोकरी टोपी घरीच ठेवलेली बरी.

तेलाला मुलतानी माती. थंडीत शेतात भरीत पार्टी असते, डोक्यावर टोपी, समोर भरीत आणि कळण्याची भाकरी, तेलाचा हात नकळत टोपीला लागतोच, शिवाय रोजचं डोक्याचं तेल आतून झिरपून कपाळाच्या बाजूला चकाकतं. कोरडी बारीक मुलतानी माती डागावर पसरायची, बोटाने हलकेच दाबायची, रात्रभर ठेवायची, सकाळी झटकून ब्रश करायचं, एकदाने नाही झालं तर दोनदा तीनदा. विलायतेत लोकर कमावणारे लोक लोकरीतली चरबी काढायला अशाच मातीचा वापर करायचे. काळ्या टोपीवर पातळ थर द्या, नाहीतर राखाडी छटा राहते. पिठं वापरू नका, बेसन तर नाहीच, कण आत राहतात आणि किडे येतात.

शेवभाजीचा रस्सा सांडला तर त्यात तेल आणि हळद दोन्ही असतात. जाडसर भाग चमच्याने उचला, तेल मातीने काढा आणि हळदीला साबण लावू नका. हळदीतला पिवळा रंग साबणाच्या खारेपणाने लाल होतो, लग्नात हळद लागलेला कपडा धुताना हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. हळदीचा रंग उजेडाने फिका पडतो, त्यामुळे फिक्या रंगाच्या हॅटवर पूर्ण कोरडी असताना सकाळचं कोवळं ऊन थोडा थोडा वेळ देता येतं. पण हॅटचा स्वतःचा रंगही उजेडाने उडतो, म्हणून बघत बघत करायचं.

रावेर-यावलकडच्या माणसाला केळीच्या चिकाचा डाग काय असतो ते सांगायला नको. चिक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की तपकिरी होतो आणि मग तो कपडा फाटेपर्यंत राहतो. फेल्टवर पडला तर तिथल्या तिथे, तपकिरी व्हायच्या आत, गार पाण्याने भिजवलेल्या फडक्याने टिपत राहायचं, एवढीच एक संधी असते. वाळलेला चिक काळ्या टोपीवर दिसत नाही, नुसता कडक लागतो, तो ब्रशने मोकळा करता येतो. फिक्या हॅटवरचा मात्र जात नाही, त्याच्यामागे लागून फेल्टला भोक पाडू नका.

घामाचा डाग म्हणजे पांढरी वाकडी रेघ, मिठाची. फिल्टरच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर टाकून फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि रेघेवर टिपायचं, आधी आतल्या बाजूला लावून रंग सुटत नाही ना ते बघायचं. केसांना लावायचा डाय आतल्या पट्टीला लागला असेल तर तो जात नाही, पट्टीच बदलून घ्यावी.

शाईच्या डागावर बरेच जण सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावतात. बऱ्याच हॅटना कडकपणा येतो तो लाखेने, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणजे शाई पसरतेच आणि तेवढी जागा लुळी पडते. ब्लीच तर बाटलीसकट लांब ठेवा, लोकर ब्लीचमध्ये अक्षरशः विरघळून जाते. धुण्याचा सोडा आणि एन्झाइमवाली पावडरही नको, लोकर हे प्रोटीन आहे आणि ती पावडर प्रोटीनचेच डाग खायला बनवलेली असते. फिक्या हॅटवरच्या हाताच्या मळक्या डागांना साधं पांढरं खोडरबर किंवा शिळ्या पावाचा गर हलक्या हाताने फिरवला तरी पुष्कळ फरक पडतो.

ठेवणं

ब्रश मऊ केसांचा, काळ्याला वेगळा आणि फिक्याला वेगळा. टोपी ठेवताना पूर्ण कोरडी आणि तेल-घाम काढलेली असली पाहिजे, कारण कसर लागते ती अशाच मळलेल्या जागी आधी. कसरीची अळी लोकर खाते, उडणारा पतंग काही खात नाही, त्यामुळे पतंग दिसला तोवर अळ्यांचं काम होऊन गेलेलं असतं. पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची आपल्याकडे पद्धत आहे, डांबरगोळ्याही घालतात, पण गोळी कापडात बांधून बाजूला ठेवा, टोपीवर नको. कसर लागलीच तर टोपी प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायची आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवायची, कप्पा उणे १८ पर्यंत जाणारा असेल तर अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ द्यायची, नाहीतर हवेतलं पाणी थंड टोपीवर धरतं आणि परत त्या पाण्याच्या रेघा उमटतात.